मदत हवी आहे: कॉम्प्युटरवर किती तास काम केलं ते कसं काढायचं?

शिरोलीवाला
घरातनं फौंड्रीच्या पॅटर्नची (ओतकामाचा साचा करायला लागतो त्या नमुन्याची) ड्रॉइंगं करतो. पार्टी आता तासावर बिल मागायलीय, मागच्या महिन्याचंसुद्धा. परवा द्यायचंय. सोपा उपाय सांगा, पैशाचं ॲप नको.

अभि_राजारामपुरी
विंडोज का दुसरं काही?

शिरोलीवाला
विंडोजच की.

उद्यमनगरी
इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोजमध्येच असतंय, मशीनच्या सगळ्या नोंदी दाखवतंय. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम, उजवीकडं फिल्टर. ६००५ नंबरची नोंद म्हणजे मशीन चालू झालं, ६००६ म्हणजे बंद. लाईट जाऊन बंद पडलं असेल तर ६००६ पडत नाही, पुढच्या वेळी ६००८ दिसतं.

पंचगंगाकाठ
मशीन स्लो असेल तर आधी एसएसडी घाला. फरक बघा.

उद्यमनगरी
स्लो आहे असं म्हटलंय कुठं त्यानं?

शिरोलीवाला
६००५ अख्ख्या आठवड्यात एकदाच दिसतंय. मी तर रोज बसतोय.

अभि_राजारामपुरी
रात्री शटडाऊन करतोस, का नुसतं झाकण मिटतोस?

शिरोलीवाला
झाकण.

अभि_राजारामपुरी
लॅपटॉप आहे हे आधी सांगायचं की राव! मग स्लीपच्या नोंदी बघ. कर्नल-पॉवरचा ४२ म्हणजे झोपला, पॉवर-ट्रबलशूटरचा १ म्हणजे उठला. पुढच्यासाठी ॲक्टिव्हिटीवॉच टाक. फुकट आहे, माहिती आपल्याच मशीनवर राहते, आणि कीबोर्ड-माऊस थांबला की वेळ धरत नाही.

उद्यमनगरी
तिथंच घोळ आहे. हा कागदावर श्रिंकेज (धातू थंड होताना किती आकसणार ते) काढत बसला की ते म्हणणार माणूस जागेवर नाही. ते काम नाही काय?

अभि_राजारामपुरी
आणि तुमच्या ६००५ मध्ये चहा, जेवण, सगळं बिलात. पार्टी येडी आहे काय?

वहीवाले_काका
नोटपॅडच्या पहिल्या ओळीत डॉट आणि कॅपिटलमध्ये एलओजी लिहून फाइल सेव्ह करा. दर वेळी उघडली की तारीख-वेळ आपोआप पडते. बसताना एकदा, उठताना एकदा. मी मात्र वहीच वापरतो.

शाहूपुरी_४१६००१
तासावर काम घेऊच नका. नगावर घ्या. हात जितका बसेल तितके तास कमी, म्हणजे पैसे कमी.

शिरोलीवाला
दर ठरलाय, तो विषय नको. आणि संध्याकाळी पुतण्या यावरच गेम खेळतो, ते कसं वजा करायचं?

उद्यमनगरी
आता हे नवीन! ड्रॉइंग कशात करतोस?

शिरोलीवाला
ऑटोकॅड. का?

उद्यमनगरी
मग एवढं रामायण कशाला? फाइल उघड, कमांड लाइनला टाइम टाइप कर, एंटर मार. टोटल एडिटिंग टाइम दिसेल, एकेका ड्रॉइंगचा. सेव्ह न करता बंद केलेलं त्यात धरलेलं नसतं. फाइल नुसती उघडी पडली असेल तर तो वेळ मात्र धरलेला असतो.

शिरोलीवाला
दोन फाइलींवर बघितलं, येतंय. पण आकडा माझ्या अंदाजापेक्षा लई कमी आहे.

शाहूपुरी_४१६००१
म्हणून म्हणालो, नगावर घ्या.