सर्दी-तापाची साथ वाढतेय हे नक्की ठरवतात कसं?

शंकासुर: दर सीझनला आकडे येतात पण बहुतेक लोक टेस्ट करतच नाहीत, गोळी घेऊन घरीच झोपतात, मग फ्लू वाढतोय की आरएसव्ही (सर्दी-खोकल्याचाच दुसरा एक विषाणू) हे कळतं कसं? सगळा अंदाजपंचे कारभार आहे का?

लॅबवाला: अंदाजपंचे नाही हो. प्रत्येक पेशंट मोजतच नाहीत, ठरावीक दवाखाने निवडलेले असतात, तिथे ३८ डिग्री किंवा जास्त ताप, सोबत खोकला आणि आजार गेल्या १० दिवसांत सुरू झालेला असा कोणी आला की नोंद, त्यातल्या काहींचा नाका-घशातला स्वॅब पीसीआरला, म्हणजे विषाणू ओळखणाऱ्या लॅब टेस्टला. व्याख्या डब्ल्यूएचओची. त्यांचं फ्लूवरचं जागतिक नेटवर्क १९५२ पासून आहे, लशीत विषाणूचे कुठले स्ट्रेन (प्रकार) घ्यायचे ते त्यावरूनच ठरतं.

आकडेमोड: आणि नुसते पॉझिटिव्ह मोजू नका राव. १०० टेस्टमध्ये १० आणि १००० मध्ये १००, दिसायला दहापट पण दर तोच १० टक्के, टेस्टच जास्त झाल्यात!

शंकासुर: ओके, पण दवाखान्यात न जाणाऱ्यांचं काय?

लॅबवाला: त्यासाठी सांडपाणी तपासतात. विषाणूचे अंश विष्ठेतून, थुंकी-शेंबडातून गटारात जातात, लक्षणं नसलेल्यांचे पण. कोविडपासून हे जोरात सुरू झालं. फक्त किती माणसं आजारी ते त्यातून नेमकं निघत नाही, गटारात पावसाचं पाणी शिरलं की नमुना पातळ होतो, म्हणून चढ की उतार एवढंच बघायचं.

आकडेमोड: शेवटचा आठवडा कमी दिसला तर हुरळू नका, रिपोर्ट मागाहून येत राहतात आणि तो आकडा नंतर फुगतो.