कारेलीबागेतली १९७८ ची पद्मिनी: १ लाख ४० हजार द्यावेत का?

मांडवी

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात कारेलीबागेतल्या एका बंगल्याच्या पोर्चमध्ये १९७८ ची प्रीमियर पद्मिनी २०१८ पासून उभी आहे. ग्रिल, दोन्ही बंपर, चारही व्हील कप जागेवर. मागचा एक दिवा फुटलेला. वरून रंग चकचकीत आहे. इंजिन जाम आहे की नुसती बॅटरी नाही, ते मालकांना सांगता येत नाही. डिकीत सीएनजीची टाकी आहे, पण आरसी बुकात तिची नोंद नाही. बुक वडिलांच्या नावावर, ते आता नाहीत. मुलगा विकतो आहे. मागणी १,४०,००० ची. शिवाय फत्तेगंजला १९८५ ची मारुती ८०० आहे, ती ९०,००० ला देतात. मला एकच गाडी घेऊन नीट उभी करायची आहे, घाई नाही. काय काय तपासू आणि किती देऊ?

मकरपुरा

कारेलीबाग आणि २०१८ पासून उभी, म्हणजे २०१९ आणि २०२४ चे दोन्ही पूर तिने पाहिलेत. विश्वामित्रीचं पाणी त्या पोर्चमध्ये किती चढलं होतं, हे मालकांना नाही तर शेजाऱ्यांना विचारा. मग स्वतः बघा: मागची सीट उचलून फोमखाली गाळ आहे का, दाराच्या आतलं पॅड काढलं तर आडवी मातकट रेघ दिसते का, हेडलाइटच्या वाटीत माती बसली आहे का. मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीचा, फिलर प्लग (ऑइल भरायचं बूच) उघडून बोट घाला. ऑइल ताकासारखं पांढरट लागलं तर पाणी आत शिरलंय, आणि गिअरबॉक्सही उघडावा लागेल हे धरून चाला.

आता पत्रा. पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हीच चॅसिस. त्यामुळे सिल, म्हणजे दाराखालची पेटी, आणि फरशी कुजली तर तो दिसण्यापुरता दोष राहत नाही, गाडीचा कणाच गेलेला असतो. चकचकीत रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून दाराची खालची वीतभर पट्टी, चाकांच्या कमानी आणि सिलवरून फिरवा. जिथे पकड सैल पडते तिथे लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे. मग गाडीखाली आडवे व्हा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका: सिल, पुढच्या सीटखालची फरशी, बॅटरीखालचा ट्रे, डिकीचा तळ, आणि मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बॉडीला लागतात त्या जागा. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो.

यानंतर सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. पुढच्या दाराच्या मागच्या बाजूला सिलखाली जॅक लावून गाडी थोडी उचला आणि दार उघडून बंद करा. दार अडकलं किंवा फट बदलली तर बॉडी मऊ झाली आहे. जॅकच पत्र्यात घुसायला लागला तर तिथेच थांबा, नमस्कार करून घरी या. असं काम करायचं तर डेंटरकडून दोन्ही सिल नव्या पत्र्याच्या घडवून घ्याव्या लागतात, तेही आतून आडवे आधार लावून. आधार न लावता सिल कापली की बॉडी वाकते आणि दारं पुन्हा कधीच बसत नाहीत. गॅस वेल्डिंगचं ठिगळ नको, मिग वेल्डिंगच करून घ्या. गॅसच्या आचेने पातळ पत्रा लाटांसारखा होतो आणि मग पुन्हा लांबीचा थर चढतो.

प्रतापनगर

इंजिनचं माझ्याकडून. १०८९ सीसीचं हे इंजिन सोपं आहे, फक्त बॅटरी लावून थेट सेल्फ मारू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटल्या असतील तर तुटतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात १०–१५ मिली इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस राहू द्या. मग प्लग न लावताच चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हळू ढकला. त्याआधी चाकं मोकळी आहेत का बघा. चारही ड्रम ब्रेक आहेत आणि इतक्या वर्षांत व्हील सिलिंडर जाम झालेले असणारच. इंजिन फिरलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत आहेत का ते बघा. एक कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग-पिस्टन, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह. सीएनजीवर पळालेली असेल तर व्हॉल्व्हवर आधी संशय घ्या, कोरड्या गॅसने व्हॉल्व्ह सीट खाली बसतात. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे. कूलंटऐवजी नळाचं पाणी घालत आले असतील तर पाण्याच्या वाटांशेजारचा भाग खाल्लेला सापडतो.

जुन्या टाकीतलं पेट्रोल वापरू नका. बाटलीतून थेट पंपाला द्या, तेही पंपाचा डायफ्राम बदलल्यावर. ब्रेकचे सगळे रबर, होस आणि मास्टर सिलिंडरची किट नवीन धरा, ते तपासत बसू नका.

किंग पिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती, तपासायला पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ लागला की दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंग पिन आणि बुश.

मांडवी

मकरपुरा, प्रतापनगर, मनापासून आभार. रविवारी जॅक घेऊन जातो. कागद आणि भावाचं कोणी सांगेल का?

दांडिया बाजार

मांडवीभाऊ, कागद आधी, भाव नंतर. वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा तुम्हाला थेट विकू शकत नाही. फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती देऊन ती आधी त्याच्या नावावर होऊ द्या, मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या. टोकन देऊन लेखी ठेवा, पूर्ण रक्कम तोवर देऊ नका.

आरसीची वैधता कुठल्या तारखेपर्यंत आहे ते पाहा. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीपासून २० वर्षांवरच्या गाडीच्या नूतनीकरणाला १०,००० रुपये लागतात, वर मुदत संपल्यापासून दर महिन्याला ५०० विलंब शुल्क. किती महिने धरतात ते दरजीपुऱ्याच्या आरटीओत गाडी घेण्याआधीच विचारा. हा आकडा मोठा निघू शकतो आणि तो मालकांच्या किमतीतून वजा व्हायला हवा. तपासणीला गाडी चालत न्यावी लागते, हे लक्षात ठेवूनच ती खोलून सुटी करा. सीएनजीची टाकी त्याआधी काढून टाका. दर ३ वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते, ती इथे केव्हाच चुकली आहे. चॅसिस आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासा आणि बुकाशी अक्षर-अक्षर ताडून बघा.

व्हिंटेज नोंदणीच्या मोहात पडू नका. २०२१ चा नियम ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीसाठी आहे. ही २०२८ मध्ये बसेल. शिवाय त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही.

भाव असा काढा. आकडे नुसते हिशोब कळावा म्हणून. समजा तशीच चालती, कागद चोख गाडी ३,५०,००० ला मिळते. पत्रा-रंग १,२०,०००, इंजिन-ब्रेक ६०,०००, सीट-रबर-क्रोम ५०,०००, म्हणजे २,३०,०००. त्यावर न दिसलेल्या कामाचा पाचवा हिस्सा, ४६,०००. उरले ७४,०००, त्यातून कागदांचा खर्च आणखी कमी. इथे तुमचे खरे कोटेशन टाका, पण रीत हीच ठेवा. इंजिन जाम निघालं तरी भाव फार पाडू नका, ते रीबोर होतं, म्हणजे सिलिंडर कोरून पुन्हा नीट करता येतात. सिल गेली असेल किंवा ट्रिम गायब असेल तर मात्र निर्दयपणे पाडा.

सुरसागर

मारुतीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. १९८५ ची म्हणजे जुन्या बॉडीची एसएस ८०. ती डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि १९८६ ला बॉडी बदलली. ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीतही होतं, त्यामुळे इंजिनचं सामान कुठेही मिळतं. पण काच, हेडलाइट, ग्रिल, दरवाजे, बंपर नव्या बॉडीचे बसत नाहीत. म्हणून तिचं मोल इंजिनवर नाही, तर मूळ काचा आणि दिवे शाबूत आहेत का यावर करा. फत्तेगंजलाही पुराचं पाणी होतं, मकरपुरांनी सांगितलेली गाळाची तपासणी तिथेही तशीच करा. पुढच्या काचेचं रबर खालच्या कोपऱ्यात उचलून बघा, गंज तिथून सुरू होऊन डॅशबोर्डखाली उतरतो. पद्मिनीच्या फुटलेल्या मागच्या दिव्याची काळजी नको, पद्मिनीचं सुटं सामान मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारात अजून निघतं; दिव्याचा फोटो आणि काचेवरची छापील खूण सोबत न्या.