मदत हवी आहे: उसना मिलचं पाणी आणि गावची नाली एकाच तळ्यात घ्यावी का?

धानपट्टा_ग्रापं
भंडारा जिल्हा, वस्ती ३,२००. मुख्य नाली थेट मामा (माजी मालगुजारी) तलावात उतरते. रोज २० टन धान भिजवून-वाफवून उसना (उकडा) तांदूळ करणाऱ्या मिलचं पाणीही त्याच नालीत येतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस मिलला आली, आणि नाली ग्रामपंचायतीची म्हणून पत्र आम्हालाही. मिलमालक म्हणतात, तुम्ही तळं बांधा, मी पैसे देतो, दोन्ही पाणी तिथंच सोडू. गावठाणाबाहेर १५ गुंठे जागा आहे. तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं आहे, त्यामुळे घाई आहे. एकत्र तळं चालेल का? पैसा कुठून आणावा?

सांडपाणी_इंजि
लिटर मोजू नका, बीओडीचे (पाण्यातली घाण कुजताना जीवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचे) किलो मोजा. माणशी ५५ लिटर पुरवठा, त्याचं ८० टक्के सांडपाणी धरलं तर गावाचं रोजचं पाणी १४१ घनमीटर. बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम धरा, म्हणजे २८ किलो. मिलचं पाणी फक्त २० घनमीटर, पण भिजवणीच्या पाण्याचा बीओडी १,२०० च्या आसपास असतो, म्हणजे २४ किलो. एका मिलचा भार जवळपास अख्ख्या गावाइतका!

आपल्या अक्षांशावर स्थिरीकरण तळ्याला (ऊन, शेवाळ आणि जीवाणूंनी पाणी शुद्ध करणाऱ्या उथळ तळ्याला) हेक्टरी रोज २५० किलो झेपतं. एकट्या गावाला ११ गुंठे पाणपसारा, खोली दीड मीटर, मुक्काम १२ दिवस. बांध धरून १५ गुंठ्यांत बसतं. दोन्ही मिळून २१ गुंठे नुसतं पाणी लागेल. जागा नाही, विषय संपला. तरीही सोडलंत तर तळं काळं पडेल, वास सुटेल, आणि तळ्याच्या तोंडाशी नमुना नापास झाला की उत्तर ग्रामपंचायतीला द्यावं लागेल.

बांधताना दोन ठिकाणी चुकतं. मुरमाड तळ पाझरतो, म्हणून काळ्या चिकण मातीचा ३० सेंमी थर ओला करून दाबा. दुसरं, आपल्याकडे नाली पावसाचंही पाणी वाहते. जाळी आणि गाळकुंडीच्या आधी सांडवा ठेवून बगल नाली काढली नाही, तर पहिल्याच जोरदार पावसात तळं धुऊन निघतं.

धानपट्टा_ग्रापं
मिलमालक म्हणतात, नालीत मिसळलं की आकडा आपोआप खाली येतो.

उसना_मिस्त्री
येतो, पण मंडळ नमुना मिलच्या तोंडाशी घेतं. शिवाय किलो तेवढेच राहतात भाऊ.

मिलनं हे करावं. आधी थंड भिजवण बंद. दोन-दोन दिवस भिजलेलं धान आंबतं आणि बीओडी वाढतो. ६५-७० अंशांवर तीन-चार तासांत काम होतं. मग तूस अडवायला २-३ मिमी जाळी, २० घनमीटरची समतोल टाकी (हौद एकदम रिकामे होतात, झटका हिनं झेलायचा) आणि ४० घनमीटरची बंद निर्वात टाकी (हवेशिवाय जगणारे जीवाणू घाण खातात ती). पाण्याचा पीएच ५ च्या आसपास असतो, निर्वात टाकीला ७ लागतो. चुना अंदाजानं टाकू नका. एक लिटर पाण्यात थोडाथोडा घालून बघा. जितके ग्रॅम लिटरला, तितकेच किलो घनमीटरला. जीवाणूंचं बियाणं म्हणून शेणकाला आणि सेप्टिक टँकचा गाळ. सुरुवातीला चौथा हिस्सा भार द्या, पीएच टिकला तरच वाढवा. ही टाकी ७० टक्के उतरवते, म्हणजे ३६० उरतं. पुढं वातन टाकी (ब्लोअरनं पाण्यात हवा फुंकणारी) आणि निवळण. हंगाम नसताना निर्वात टाकीतले जीव तग धरतात, वातनातले मरतात. लाईट गेली तरी तेच, म्हणून ब्लोअर जनरेटरवर हवाच.

सांडपाणी_इंजि
मर्यादा: जमिनीवर सिंचनाला बीओडी १००, नदी-तलावात ३०. गावच्या मैलापाण्याला १३ ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांबाहेर ३० आहे, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ३० एप्रिल २०१९ ला १० सांगितला. शेवाळामुळे साध्या तळ्याला ३० सुद्धा रोज जमत नाही. म्हणून तळ्याचा निकास मामा तलावाकडे नकोच, बांध्यांकडे (धानाच्या शेतांकडे) वळवा.

जिप_स्वच्छता
स्वच्छ भारत मिशन ग्रामीण टप्पा २ च्या २०२० च्या नियमांत ५,००० पर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये होते. त्या दरानं तुमचे ८,९६,००० होतात. त्यातला ३० टक्के, म्हणजे २,६८,८०० रुपयांचा वाटा १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) बंधित, म्हणजे ठरावीक कामालाच वापरायच्या निधीतून होता. ग्रामसभेचा ठराव, जागेचा सातबारा आणि अंदाजपत्रक सोबत लावा. मिलचं पाणी या अंदाजपत्रकात दाखवू नका, हा निधी गावाच्या सांडपाण्यासाठी आहे.

उसना_मिस्त्री
मिलमालकाला एक सांगा. कारवाईसाठी नमुना घेतला तर जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ प्रमाणे त्याचे दोन भाग करून सील करून घेता येतात. स्वतःचा नमुनाही बर्फाच्या पेटीत त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. उन्हात पडलेल्या बाटलीचा आकडा धरू नका.