मदत हवी आहे: बातमीदारीसाठी अनुदान घेताना करारात काय असावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही पत्रकार मिळून एक छोटं वृत्तसंकेतस्थळ चालवतो. जाहिराती घेत नाही, वाचकांच्या देणग्यांवर कसाबसा खर्च भागतो. आता एका धर्मादाय संस्थेने पर्यावरणाच्या बातम्यांसाठी दोन वर्षांचं अनुदान देऊ केलं आहे. पैशांची निकड आहेच, पण मसुद्यातलं एक कलम काही केल्या पटत नाही: ‘लेख प्रसिद्धीपूर्वी संस्थेच्या माहितीसाठी पाठवावा.’ मंजुरी घ्या असं कुठेही म्हटलेलं नाही. तरीही मला हे मान्य नाही. लेख आधी पैसे देणाऱ्याच्या डोळ्यांखालून जाणार हे माहीत असलं, की लिहिणाऱ्याचा हात आखडतोच.

हे कलम काढायला सांगितलं तर अनुदान हातचं जाईल, अशी भीती सहकाऱ्यांना वाटते. कोणी अशी बोलणी केली आहेत का? त्याऐवजी कोणती शब्दरचना संस्थांना चालते? उद्या याच संस्थेविरुद्ध बातमी हाती आली तर काय करायचं, हेही करारात आधीच लिहून घ्यावं असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे, या पैशांतून फक्त बातमीदाराचा पगार आणि प्रवासखर्च निघणार. संपादन, सर्व्हर, वकिलाची फी यांना तरतूद नाही. प्रदूषण करणाऱ्या कंपनीबद्दल लिहिल्यावर बदनामीची नोटीस आली, तर पहिला खर्च वकिलाचाच असतो! शिवाय आमची कामगारांचे प्रश्न सांभाळणारी सहकारी या विषयाकडे वळवली, तर तिचं काम कोण बघणार?

प्रोपब्लिका ही शोधपत्रकारिता करणारी अमेरिकेतली ना-नफा संस्था २००७ मध्ये मुख्यतः सँडलर या धनाढ्य दांपत्याच्या पैशांवर उभी राहिली, पण पुढे तिने इतर देणगीदारही जोडले. उलट जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा त्यावर अवलंबून असलेली कितीतरी देशांतली स्वतंत्र माध्यमं एका फटक्यात अडचणीत आली. म्हणून एका दात्याचा वाटा एकूण उत्पन्नाच्या किती टक्क्यांवर जाऊ देऊ नये, याची मर्यादा तुम्ही ठरवली आहे का? नाव गुप्त ठेवू पाहणाऱ्यांचे पैसे घेता का? देणगीदाराचं नाव प्रत्येक लेखाखाली देता, की वेगळ्या पानावर एकत्र?

ज्यांनी असे करार केले आहेत किंवा नाकारले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मसुद्यावर उत्तर लवकर द्यायचं आहे, त्यामुळे त्या पहिल्या कलमाबद्दल आधी सांगितलंत तर फार मदत होईल.