अनुभव धागा: ब्रेमारच्या हायलँड गेम्सला जाताय? गारठ्याचं काय?

स्कॉटलंडमधल्या ब्रेमारचा हायलँड गेम्स, म्हणजे ओंडकाफेक, हातोडाफेक आणि बॅगपाइप वादनाचा पारंपरिक मेळा, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी भरतो. गाव साधारण ३४० मीटर उंचीवर. उणे २७.२ अंश हा ब्रिटनचा नीचांक इथे दोनदा नोंदला गेलाय, १८९५ आणि १९८२ मध्ये. सप्टेंबरात तसं काही नसतं, पण ऊन, पाऊस, वारा एकाच दुपारी हजेरी लावतात. जाणकारांनी कामाचं लिहावं. 'खूप मज्जा आली' नको.

प्रतिसाद १
जीन्स घालू नका, भिजली की दिवसभर वाळत नाही. आत लोकरीचा पातळ बनियन, मध्ये फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. ओल्या बाकावर बसायला फोमचा तुकडा न्या, खरा गारठा खालूनच चढतो. छत्री वाऱ्यात उलटते आणि मागचे ओरडतात ते वेगळंच. वारा पडला की मिज, म्हणजे बारीक चावरी चिलटं, सुटतात.

प्रतिसाद २
केबर, म्हणजे लांब ओंडका फेकण्याचा खेळ, बघताना अंतर मोजू नका, कितीही लांब जावो, त्याला गुण नाहीत. ब्रेमारचा ओंडका सुमारे ६ मीटर, ६० किलो. निमुळतं टोक ओंजळीत, जाड टोक वर. धावत येऊन उचलून झटका दिला की जाड टोक जमिनीवर आदळतं आणि ओंडका पलटून पुढे पडतो. धावेच्या रेषेत सरळ पडला तर 'बारा वाजता', तेच सर्वोत्तम. जरा तिरका गेला की अकरा किंवा एक. पावसात सोललेलं लाकूड हातातून निसटतं. हातोडाफेकीत बुटांच्या पुढे पाती लावून ती जमिनीत रोवतात, पाठ फेकीच्या दिशेला. चिखलात पाती सुटतात, मग फेक गेलीच.

प्रतिसाद ३
बॅगपाइप बेसूर वाटले तर वादकाला लगेच नावं ठेवू नका. हवेचं तापमान १० अंशांनी उतरलं की चँटरचा, म्हणजे बोटांनी सूर वाजवायच्या नळीचा, सूर जाणवण्याइतका उतरतो. ड्रोनचे, म्हणजे एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्यांचे, सांधे ओढून लांब करायचे, की तेही खाली येतात. पण फुंकून चँटर तापला की पुन्हा चढतो, त्यामुळे मंडळी शेवटच्या मिनिटापर्यंत वाजवत राहतात. थांबावं लागलंच तर चँटर कोटाच्या आत. गार लाकडात एकदम ऊबदार, दमट श्वास गेला तर तडा जायची भीती असते. रीडवर, म्हणजे नळीतल्या कंप पावणाऱ्या पातळ पट्टीवर, पाणी साचलं की ड्रोन मुकाच होतो.

प्रतिसाद ४
शाकाहारींनी स्टोव्हीज घेण्याआधी विचारा: बटाटा-कांदा दिसतो, पण बहुधा गोमांसाच्या चरबीत शिजवलेला. हॅगिस एरवी मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचं असतं, पण ओट आणि डाळींचं शाकाहारी हॅगिस मिळालं तर उत्तम. ब्रेमारला रेल्वे नाही. ॲबर्डीनहून २०१ क्रमांकाची बस, दोन तासांहून जास्त. परतीची शेवटची बस किती वाजता, ते मैदानात शिरण्याआधीच बघून ठेवा.