जुनं आउटबोर्ड इंजिन गरम झालं की परत सुरूच होत नाही, मदत हवी आहे

मंडळी, होडीचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन थंड असताना चोक ओढला की लगेच सुरू होतं. पण चालवून बंद केलं आणि थोड्या वेळाने दोरी ओढली, की काही केल्या दाद देत नाही. पूर्ण थंड झालं की पुन्हा ठणठणीत! टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा असतो, प्रायमर बल्ब (पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा हाताने दाबायचा रबरी फुगा) कडक होतो, म्हणजे पेट्रोल येतंय. अडल्यावर स्पार्क प्लग काढला तर टोक पेट्रोलने ओलं, आणि ठिणगी पिवळट, मरतुकडी. थंड असताना तीच निळी, जोरदार. मला इग्निशन कॉइलचा (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज देणाऱ्या गुंडाळीचा) संशय येतो. पण कार्ब्युरेटरची फ्लोट सुई (आत येणारं पेट्रोल रोखणारी) गळत असली तरी प्लग ओला होणारच ना? कॉइलचा रेझिस्टन्स गरम असतानाच मोजायचा का? भर पाण्यात इंजिन अडलं की जीव टांगणीला लागतो, अनुभवी लोकांनी कृपया सांगा.