गॅदर, असेंबल, मस्टर: तिन्हींना 'जमले'च म्हणायचं का?

भाषांतरवाली
एका जुन्या लष्करी आठवणींचं भाषांतर करते आहे. एकाच पानावर लागोपाठ तीन क्रियापदं आली आहेत. पहाटे सैनिक शेकोटीपाशी 'गॅदर' होतात, बिगूल वाजल्यावर मैदानात 'असेंबल' होतात आणि अधिकारी आले की 'मस्टर' होतात. मी तिन्हीकडे 'जमले' लिहिलं. मुद्रितशोधकांनी समासात विचारलं, "मुळात एकच शब्द आहे का?" नाहीये. पहिलं आपसूक, दुसरं हुकमावरून, तिसरं मोजदादीसाठी. 'एकवटले' लावून पाहिलं, पण मग ते थेट लढायलाच निघाल्यासारखे वाटतात. 'गोळा झाले' म्हटलं तर कुठे काही घडलंय आणि हे बघायला आलेत, असं वाटतं. काय करावं?

जुनीवही
'मस्टर'चं मूळ लॅटिन 'मोन्स्त्रारे', म्हणजे दाखवणे. 'डेमॉन्स्ट्रेशन'ही त्यातलंच. सैन्य तपासणीसाठी उभं करून दाखवायचं, तो मस्टर. तपासणीत जो चालला तो 'पास मस्टर' झाला. आपण 'मस्टरवर सही केली का?' म्हणतो त्यातही तीच मोजदाद आहे. माझे वडील रोज संध्याकाळी मस्टर घरी आणून लाल शाईने खाडे भरायचे, त्यामुळे हा शब्द मला कधी परका वाटलाच नाही. 'हजेरीला उभे राहिले' लिहा.

मूळशोध
'असेंबल'मध्ये 'सिमुल' आहे, म्हणजे एकाच वेळी, 'सायमल्टेनियस'मधला. 'गॅदर' मात्र अस्सल इंग्रजी, 'टुगेदर'चा सख्खा भाऊ. जुन्या इंग्रजीत दोन्हींत 'ड' होता, पुढे त्याचा 'द' झाला. 'फादर', 'मदर'मध्येही हेच घडलं. आणि 'कलेक्ट'वरून 'कॉलेज', कारण तिथे विद्यार्थी गोळा होतात.

जुनीवही
शेवटचं चुकलं. 'कलेक्ट' हे 'लेगेरे'वरून, म्हणजे वेचणे. 'कॉलेज' हे 'कोलेगा'वरून, म्हणजे सहकारी. त्यात 'लेगारे' आहे, नेमून देणे. दिसायला जुळे, पण घराणी वेगळी.

मूळशोध
मान्य. पण लॅटिन 'लेगेरे'चे अर्थ दोन, वेचणे आणि वाचणे! मराठीत वेचणे-वाचणे किती जवळ आहेत बघा. अक्षरं वेचली की वाचन होतं.

जुनीवही
जवळ आहेत ते कानाला. 'वाचणे' संस्कृत 'वच्'कडे जातं, 'वेचणे' 'चि'कडे. नुसत्या आवाजावरून नाती जुळवू नका.

साधीमराठी
मूळ प्रश्नाकडे येते. इंग्रजी हा फरक क्रियापदात ठेवते, मराठी तो नामात ठेवते. म्हणून क्रियापद शोधत बसलात तर 'जमले'च्या पुढे जाता येणार नाही. शेकोटीपाशी 'कोंडाळं करून बसले' लिहा. कोंडाळ्यात माणसांची तोंडं आत असतात, पाठी बाहेर. गराड्यात मधला माणूस अडकलेला असतो. घोळक्याला आकारच नसतो. जथा चालत असतो. एवढं सगळं एकेका नामात असताना 'गॅदर'ला एकच प्रतिशब्द कशाला हवा?

भाषांतरवाली
कोंडाळं! हे कसं सुचलं नाही मला. पण मग 'असेंबल'चं काय? 'रांगेत उभे राहिले' केलं तर पुढचा 'मस्टर' आधीच खर्ची पडतो.

शुद्धलेखन
'समवेत झाले' किंवा 'एकत्रित झाले'. आणि 'मस्टर' कृपया मराठी म्हणून खपवू नका. उद्या कोणी 'सैनिक असेंबल झाले' असंही लिहील.

जुनीवही
'हजेरी', 'जमाव', 'फौज' तिन्ही अरबीतून आलेले. ते चालतात, मग कष्टकऱ्यांच्या तोंडी रुळलेल्या 'मस्टर'वर राग का? इंग्रजीतही असा राग होऊन गेलाय. 'मॉब' हे 'मोबिले वुल्गुस'चं, म्हणजे चंचल गर्दीचं, तोडून केलेलं रूप. ते थोपवण्यासाठी मी वर्षानुवर्षं झटलो, असं लेखक जोनाथन स्विफ्टने 1710 मध्ये लिहिलं होतं. 'मॉब' आजही टिकून आहे.

शुद्धलेखन
टिकलं म्हणून बरोबर होतं का? 'समवेत'मध्ये सम् + अव + इ आहे, अर्थ उघडा दिसतो. माझ्या मुलीला मी 'समाज' शब्द फोडून दाखवला तेव्हा तिचे डोळे चमकले होते. उसन्या शब्दात ही सोय नसते.

मूळशोध
'समाज' फोडलाच आहे तर पुढेही सांगा. सम् + अज्, एकत्र हाकणे. अमरकोशात पशूंचा तो 'समज' आणि इतरांचा 'समाज' असा भेद केलाय. ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला म्हणतात त्या ग्रीक 'सिनॅगॉग'मध्येही 'सिन्' म्हणजे एकत्र आणि 'आगेइन' म्हणजे नेणे, हाकणे. ते 'आगेइन' आणि आपला 'अज्' एकाच मुळाचे. 'काँग्रिगेशन'मध्ये तर 'ग्रेक्स' आहे, म्हणजे चक्क कळप. कळपातून उठून दिसणारा तो 'इग्रीजस'. पूर्वी हे कौतुकाने म्हणत, आता घोडचुकीला म्हणतात.

साधीमराठी
म्हणजे माणसांच्या एकत्र येण्याचे हे शब्द गुराख्याच्या काठीतून आले. सुंदर आहे हे. पण त्या सैनिकांना 'समवेत झाले' म्हणू नका. पहाटे थंडीत हात चोळत उभे आहेत ते. 'समवेत' मंगलाचरणात शोभतं.

शुद्धलेखन
शब्द वापरलाच नाही तर तो तिथेच राहणार.

भाषांतरवाली
सध्या असं ठरवलंय: शेकोटीपाशी 'कोंडाळं करून बसले', शेवटी 'हजेरीला उभे राहिले'. मधलं रिकामंच आहे. 'मैदानात आले' एवढंच लिहून सोडावं का?

मूळशोध
कळपावरून आठवलं. 1486 च्या 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स'मध्ये समूहवाचक शब्दांची मोठी यादी आहे. सिंहांचा 'प्राइड', कावळ्यांचा 'मर्डर'. त्यातले बरेच हौसेने रचलेले. मराठीत कावळ्यांचा थवा म्हणायचं की नाही? माझ्या मते थवा उडताना. अंगणात उतरले की तो थवा राहत नाही.

जुनीवही
बसलेला थवाही असतो. आमच्या आजीच्या तोंडी 'झाडावर थवा बसलाय' नेहमी असायचं.

साधीमराठी
आजी पोपटांबद्दल म्हणत असतील. कावळ्यांची सभाच भरते.